जाड दंडाचं माप

ग्वेनबाईंनी चिठ्ठीवर सही केली नाही, तिथून सगळं बिनसलं.

व्हिएतनाममधल्या होई आनच्या शिंप्यांच्या गल्लीत माप घ्यायला दोन बायका लागतात. एक टेप लावून मोठ्याने सांगते, दुसरी लिहून घेते. कूकताईंच्या दुकानात गेली बावीस वर्षं टेप थोआच्या गळ्यात होती. कपडा मात्र दुकानात शिवत नाहीत. तो नदीपलीकडे तामकाकांच्या ओसरीत बेतला जातो, आणि तामकाकांनी उभ्या आयुष्यात एकाही परदेशी गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत पोचायची ती फक्त चिठ्ठी. आकडे काय, सगळेच शिंपी लिहितात. पण चाळीस इंचाचं पोट कशाचं आहे ते आकडा सांगत नाही. म्हणून थोआ आकड्यापुढे एकेक शब्द घालायची. तोही इंग्रजीत, कारण खाली गिऱ्हाइकाची सही लागते, आणि न वाचता सही करणारा माणूस पुढे भांडायला येतो असा कूकताईंचा अनुभव होता.

हे शब्द काही तिला कुणी शाळेत शिकवले नव्हते. पहिल्या वर्षी आपल्यापेक्षा थोराड दिसेल त्याच्यापुढे ती 'बिग' लिहायची. एका उंच, काटकुळ्या डच बाईचा झगा तंबूएवढा होऊन आला, तेव्हा तामकाकांनी निरोप धाडला, "बिग म्हणजे काय बिग? मांस, हाड, की नुसती उंची?" मग दोघांनी मिळून एकेका शब्दाला त्याची जागा लावून दिली. बसल्यावर पसरतं ते मऊ मांस 'फॅट', तिथे शिवणीत दोन बोटं माया, आत दुमडलेलं कापड, जास्त ठेवायची. दाबलं तरी दबत नाही ते 'थिक', मग तो दंड असो नाहीतर मान. तिथे नुसती माया ठेवून भागत नाही, बाही जोडायचा मुंढाच खोल कापावा लागतो. पाठ हाडानेच रुंद असली तर 'ब्रॉड'. 'लार्ज' माणसाला कधीच नाही, तो कापडावरच्या चौकड्यांना आणि बटणांना. कुणा साहेबाच्या शब्दकोशात हे असं आहे की नाही ते थोआला ठाऊक नव्हतं आणि तिला त्याची फिकीरही नव्हती. कपडा अंगावर बसत होता, तेवढं तिला पुरे होतं.

ग्वेनबाई वेल्सच्या, साठीला आलेल्या. त्यांचा मुलगा इथल्याच मुलीशी लग्न करत होता. गुरुवारी वरमाईने मखमली आओ याई घालून मुलीच्या घरी जायचं, ठेंगण्या बाकावर बसायचं आणि दोन्ही हातांनी कप उचलून मुलीच्या आजीला चहा द्यायचा, असं ठरलं होतं. आओ याई म्हणजे छाती-कमरेला चापून बसणारा आणि कमरेपासून दोन्ही बाजूंनी चिरलेला लांब झगा. अंगाचं काहीएक लपवत नाही तो. माप चुकलं तर सगळ्या वऱ्हाडाला दिसतं.

सोमवारी थोआने माप घेतलं. लिहायला कूकताईंची मुलगी उयेन होती, सायगावहून पर्यटनाचं शिकून दोन महिन्यांपूर्वीच परत आलेली. थोआने नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "बॅक, ब्रॉड. आर्म, थिक. टमी, फॅट." उयेनने लिहिलं आणि चिठ्ठी सहीसाठी पुढे केली. ग्वेनबाईंनी वाचलं. त्यांची मान लाल झाली, मग कान. पेन त्यांनी हळूच टेबलावर ठेवलं, फोनने चिठ्ठीचा फोटो काढला आणि डोळे पुसत त्या बाहेर पडल्या.

मंगळवारी सकाळपर्यंत तो फोटो इंटरनेटवर चारशे लोकांनी पाहिला होता. 'या दुकानात गिऱ्हाइकाला तोंडावर फॅट म्हणतात,' असं खाली लिहिलेलं. कूकताईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण पाचातल्या चार चांदण्या रिकाम्या आहेत हे त्यांना दिसत होतं.

देव्हाऱ्यातल्या उदबत्तीशेजारी उयेनने एक छापील कागद चिकटवला. डाव्या बाजूला फुली मारलेले शब्द: फॅट, थिक, बिग, ब्रॉड. उजव्या बाजूला त्यांच्याऐवजी काय म्हणायचं ते: कर्व्ही, फुलर, कम्फर्टेबल.

थोआने तो कागद दोनदा वाचला. "'कम्फर्टेबल' पोट म्हणजे तामकाकांनी किती माया सोडायची गं?"

"मावशी, आकडे असतात ना," उयेन म्हणाली. "आकड्यांवर बेततील ते."

"आकड्याला हात लावून पाहिलायस कधी?"

"आजकाल कुणी कुणाच्या अंगावर बोलत नाही. तिकडे याला अपमान म्हणतात."

"अंगावर बोलायचं नाही, तर मग आपण शिंप्यांनी बोलायचं कशावर? हवापाण्यावर?"

कूकताई मधे पडल्या. "थोआ, बाई रडत गेली दुकानातून. तिला फोन लाव आणि सॉरी म्हण. उयेन सांगेल काय बोलायचं ते."

"कूकताई, तुम्ही रोज सकाळी मासळीवालीला काय म्हणता? 'काय गं, किती जाड झालीस, धंदा बरा चाललाय वाटतं.' ती तर हसते. वर दोन कोळंब्या जास्त घालते."

"ती आपली आहे. ही गोरी आहे."

"गोरीच्या पोटाला काय वेगळी शिवण लागते?"

"वाद नको घालूस. सॉरी म्हण, नाहीतर टेप उतरव. जोवर म्हणत नाहीस तोवर तू मागे बसून बटणं लाव."

खरं सांगायचं तर ती लाल झालेली मान थोआच्याही डोळ्यांसमोरून हलत नव्हती. बाई दुखावली याचं तिला वाईट वाटत होतं, आणि ते सांगायला तिची हरकतही नव्हती. पण कूकताईंना हवं होतं ते वेगळंच: शब्द चुकला, माप चुकलं, असं कबूल करायला हवं होतं. माप चुकलं नव्हतं. आयुष्यात तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. ना दुकान तिचं, ना कापड, ना गिऱ्हाईक. डोळ्यांनी आणि हातांनी माणूस ओळखायचा आणि तो एका शब्दात नदीपलीकडे धाडायचा, ही तिची कमाई. ती खोटी होती असं म्हणायला तिची जीभ उचलणार नव्हती.

तिने टेप काढली, नीट गुंडाळली आणि कूकताईंच्या हातात न देता गल्ल्यावर ठेवली. "मी बटणं लावते," ती म्हणाली. "बटणांना काही म्हटलेलं चालतं ना? ही लार्ज आहेत." मग दोराचं रीळ घेऊन ती मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

उयेनने टेप गळ्यात घातली. तिने ग्वेनबाईंना फोन केला, दहा वेळा माफी मागितली, फुलं घेऊन हॉटेलात गेली आणि नव्याने माप घेऊन आली. बाईंनी या वेळी सही केली. चिठ्ठीवर आकडे सगळे बरोबर होते आणि त्यांच्यापुढे तीन ठिकाणी 'कर्व्ही' लिहिलेलं होतं.

दुपारी तामकाकांचा फोन आला. उयेनने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, बहुधा थोआलाही ऐकू जावा म्हणून.

"ही कर्व्ही कोण?" तामकाका विचारत होते.

"काका, तो शब्द सोडा. आकड्यांवर बेता."

"पाठीपुढेही कर्व्ही, दंडापुढेही कर्व्ही. बाई आहे की नदीचं वळण? थोआ कुठाय?"

"मावशी आता बटणं बघतात."

"बरं," तामकाका म्हणाले. "तुम्ही म्हणता तसं. मी सरळ बेततो."

थोआने मान वर केली नाही. पण हातातली सुई तिने बटणाऐवजी बोटात घालून घेतली.

बुधवारी दुपारी ग्वेनबाई ट्रायलला आल्या. मोरपंखी मखमल, गळ्याशी उभी पट्टी, काखेपासून खाली टिचबटणांची रांग. आरशासमोर त्या ताठ उभ्या राहिल्या आणि खरंच देखण्या दिसत होत्या. उयेनने टाळ्या वाजवल्या. कूकताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाई आरशात बघून पहिल्यांदाच हसल्या.

कोपऱ्यातून थोआ उठली. तिच्या हातात बटणाचा दोरा तसाच होता.

"बाई," ती इंग्रजीत म्हणाली, "बसा."

उयेनने वळून डोळे मोठे केले. "मावशी, नको."

"उद्या ही बाई उभ्याने चहा देणार आहे का?" थोआने आपल्या भाषेत विचारलं, आणि पुन्हा इंग्रजीत, तिला येत होतं तेवढ्यात, "बसा. आणि चहा द्या. असा." तिने ठेंगणं स्टूल पुढे सरकवलं आणि दोन्ही हात जोडून कप उचलल्यासारखे समोर धरले.

ग्वेनबाईंनी तिला ओळखलं. त्यांचं हसू गेलं. पण त्या बसल्या, कदाचित भांडायचं नव्हतं म्हणून. बसताना कमरेवरची दोन टिचबटणं सुटली. मग त्यांनी हात पुढे केले, आणि काखेतली शिवण टर्रकन उसवली. हात छातीच्या वर जाईनात. गुडघ्यावर काहीतरी सांडल्यासारख्या त्या तशाच वाकून बसून राहिल्या.

"किती सुंदर रंग खुलतोय तुम्हाला," उयेन घाईघाईने म्हणाली. "जरासं ठीकठाक केलं की झालं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या आरशाशी बोलल्यासारखं बोलल्या. "तिचं खरं होतं. मी फारच फॅट आहे."

"नाही," थोआ म्हणाली.

ती इतक्या जोरात म्हणाली की रस्त्यावरून जाणारी फणसवाली थांबून आत बघायला लागली.

"'फारच' नाही. 'फारच' मी लिहिलं नव्हतं. बावीस वर्षांत कुणाच्या चिठ्ठीवर लिहिलं नाही. कशापेक्षा फार? कापड भरपूर आहे." ती बाईंच्या समोर जमिनीवर बसली. "पोट फॅट आहे. मऊ. बसलं की पुढे येतं, म्हणून इथे जागा हवी. माझंही तसंच आहे, हे बघा." तिने स्वतःच्या पोटावर थाप मारली. "दंड फॅट नाहीत. हात लावू?"

बाईंनी मान हलवली. थोआने त्यांचा दंड दोन्ही हातांच्या पंजात धरला आणि दाबला. तो दबला नाही.

"हा थिक आहे. हा बसून खाऊन होत नाही. तुम्ही काय काम करता?"

"मेंढ्या," ग्वेनबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं. नवरा गेल्यापासून एकटीने. लोकर कातरायची तर मेंढी उचलून उलटी धरावी लागते."

"मग मेंढी उचलणारा हात आहे हा. याला कर्व्ही म्हटलं तर आमच्या काकांना काय कळणार? ते पुतळ्याला बसेल असा मुंढा कापतात. त्यांना सांगावं लागतं की हा हात वर जाणार आहे, हा थिक आहे, खोल काप. तो शब्द तुमच्यासाठी नव्हता. तो कात्रीसाठी होता." मग तिला आठवलं की एक गोष्ट राहिली आहे. "मी हे सोमवारी सांगायला हवं होतं. आजवर मी कुणालाच सांगितलं नाही, विचार करायचं कधी सुचलंच नाही. तुम्ही रडलात त्याचं मला वाईट वाटलं. पण शब्द बरोबर होता."

कूकताईंना शब्द कळत नव्हते, पण गिऱ्हाइकाचा हात पकडून थोआ तिला काहीतरी सुनावते आहे एवढं दिसत होतं. "सॉरी म्हणाली का ती?" त्यांनी मुलीला विचारलं.

"वाईट वाटलं म्हणाली," उयेन म्हणाली. "चुकलं नाही म्हणाली."

"मग टेप देऊ नकोस."

"नकोच आहे मला टेप," थोआ म्हणाली. तिने बटणाचा दोरा रिळावरून सोडला, दुहेरी केला आणि बाईंना बसल्याजागीच माप घ्यायला लागली. तिची आजी अशीच मापं घ्यायची. दोरा फिरवायचा आणि जिथे संपेल तिथे गाठ मारायची. पोटाला बसून एक गाठ, हात उचलून दंडाला एक, पाठीवर एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत एक. "उयेन, लिही. टमी, फॅट. बसून. आर्म, थिक. हात वर. बॅक, ब्रॉड."

उयेनने पेन उचललं आणि आईकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कागदाकडे. ती लिहीना.

"लिहीत का नाही ती?" ग्वेनबाईंनी विचारलं.

"तुम्हाला राग येईल म्हणून," उयेन इंग्रजीत म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की थोआलाही तिची दया आली. पोरगी वाईट नव्हती. तिला सगळ्यांना खूश ठेवायला शिकवलं होतं, आणि कुठे थांबायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

"द्या इकडे," बाई म्हणाल्या. सुटलेली बटणं एका हाताने धरून त्यांनी चिठ्ठी गुडघ्यावर घेतली आणि स्वतःच्या जाड, तिरक्या अक्षरात लिहायला सुरुवात केली. थोआ एकेक शब्द सांगत होती आणि त्या लिहीत होत्या. 'फॅट' लिहिताना त्यांचा हात क्षणभर अडला. मग त्यांनी तो बाकीच्यांपेक्षा मोठा लिहिला, आणि खाली सही केली. थोआने गाठी मारलेला दोरा चिठ्ठीला गुंडाळला आणि उसवलेला झगा, उरलेली मखमल यांच्याबरोबर पलीकडे धाडून दिला.

गुरुवारी सकाळी साडेसहाला दुकान उघडलं तेव्हा पायरीवर तामकाका बसलेले होते. कधी नव्हे ते धुतलेला सदरा घालून, मांडीवर पुडकं घेऊन. "चिठ्ठीवर अक्षर निराळं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, बघावं तरी कोण आहे." बाही आणि पुढचा भाग त्यांनी नव्याने बेतला होता आणि डोळ्याला डोळा न लावता शिवला होता.

ग्वेनबाई आल्या, आत गेल्या आणि घालून बाहेर आल्या. कुणी काही सांगायच्या आत त्या स्वतःच स्टुलावर बसल्या. बटणं जागची हलली नाहीत. कूकताईंनी सकाळचा चहा पुढे ठेवला होता; बाईंनी कप दोन्ही हातांनी उचलला, खांद्यापर्यंत नेला आणि कूकताईंपुढे धरला. मखमलीला एक सुरकुती पडली नाही. कूकताईंना तो घ्यावाच लागला.

तामकाका लांबूनच बघत होते. एकदा पाठीकडे, मग बराच वेळ दंडाकडे. एखादा हिशेब जुळल्यासारखी त्यांनी मान हलवली. त्यांना इंग्रजीचे चिठ्ठीवरचेच काय ते शब्द येत होते, त्यातला एक ते बोलले. "थिक."

"थिक," ग्वेनबाई म्हणाल्या आणि खदखदून हसल्या. हसताना त्यांचं पोटही हललं, आणि झग्याने त्याला जागा दिली.

निघताना त्यांनी चिठ्ठी मागितली. घरी नेऊन चौकटीत लावते म्हणाल्या. इंटरनेटवरही आता नवीन लिहिते, हे शब्द किती छान आहेत ते.

"नाही," थोआ म्हणाली. "चिठ्ठी तामकाकांची. आणि छान वगैरे काही नाही त्यात. ती शिवी नव्हती, तशी ओवाळणीही नाही. ते माप आहे. झगा तुमचा, तो न्या."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि मेंढीबाजारात सौदा पटल्यावर करत असतील तसा हात पुढे केला. थोआने तो धरला. पकड जबरदस्त होती.

त्या गेल्यावर कूकताईंनी उगाचच गल्ला पुसला. "सॉरी राहिलंच तुझं," त्या म्हणाल्या. "असू दे. टेप घे. पण यापुढे जरा हळू म्हणत जा."

"हळू म्हटलं तर लिहिणारीला ऐकू येत नाही."

उयेनने गळ्यातली टेप काढली. पण दारात तोवर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं: एक लांबलचक, हाडकुळा तरुण, सुटासाठी आलेला. थोआने टेप घेतली आणि पुन्हा तिच्याच हातात दिली. "तू घे माप. मी लिहिते."

उयेनने छाती मोजली, खांदे मोजले. आकडे तिने नीट सांगितले. मग अडली. एकदा भिंतीवरच्या कागदाकडे बघून ती गोड आवाजात म्हणाली, "चेस्ट, स्लिम."

थोआचं पेन हललं नाही.

"हात लावून बघ," ती म्हणाली.

उयेनने त्या तरुणाची परवानगी विचारली आणि शर्टावरून बरगड्यांवर तळवा ठेवला. तिथे काहीच नव्हतं, नुसती हाडं होती. अस्तराखाली भर घातल्याशिवाय याच्या अंगावर सूट खुंटीला टांगल्यासारखा दिसला असता. मग मान वर करून ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चेस्ट, थिन."

थोआने ते लिहिलं आणि चिठ्ठी सहीसाठी पुढे केली.